पूजेतला डिसमिस

पाटावर पकड होती, टेस्टर होता, हातोडी होती, ड्रिल मशीनही लाल कापडावर ऐटीत बसलं होतं. सगळ्यांना हळदकुंकू वाहून झालं होतं. फक्त डिसमिस नव्हता.

डिसमिस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. पिवळ्या मुठीचा, आमच्या ह्यांचा सगळ्यात लाडका. सकाळी मीच त्याला कुंकू लावलं होतं, तेही सढळ हातानं, मुठीपासून टोकापर्यंत. पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर त्याच्या जागी नुसत्या अक्षता पडलेल्या.

तुम्ही म्हणाल, एक डिसमिस तर! पण तो खंडेनवमीचा दिवस होता, आणि माझा नवरा सर्जेराव, म्हणजे आमचे हे, कराडातले जुने वायरमन. आमच्या घरात खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवत नाहीत. एकदा ऐन नवमीला एका मंगल कार्यालयाची लाइट गेली. मालक स्वतः गाडी घेऊन दारात आला, हात जोडून उभा राहिला, तरी हे उठले नाहीत. "उद्या येतो," म्हणाले. "आज ती बसल्यात." असा माणूस आज पाटावरचं हत्यार उचलून घेऊन गेला होता, आणि जाताना मला सांगून गेला होता, "झेंडू कमी पडतोय, आणतो."

डिसमिस कुठे गेला असेल, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. आमच्या दारासमोरचं दार. मंजिरी आगाशेंचं.

त्या पावसाळ्यात त्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. त्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होत्या, म्हणजे पेशंटकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, केस खांद्यापर्यंत कापलेले, बोलणं मोकळं. बाई वाईट नव्हती. तेच तर मला जास्त लागायचं.

नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी हातात खोका घेऊन त्या आमच्या दारात आल्या.

"सर्जेराव आहेत का?"

लग्न झाल्यापासून ते नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही लोकांनी दार अडवून धरलं तेव्हा. आणि ही माझ्याच उंबऱ्यावर उभी राहून खणखणीत आवाजात सर्जेराव म्हणत होती.

"आहेत," मी म्हटलं. "काय काम होतं?"

"व्हिडिओ बेल मागवलीय, वहिनी. मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये असते. दाराशी कोण आलं ते मोबाइलवर दिसेल, तिथूनच बोलताही येईल. बसवून द्याल का हो, सर्जेराव?"

मला वाटलं, हे नाही म्हणणार. गेले काही महिने ते सगळ्यांनाच नाही म्हणत होते. कंटाळा आला, पोरं आता नवीन आलीत, ती करतील, असं सांगायचे. आमच्याच स्वयंपाकघरातली ट्यूब कधीपासून लुकलुकत होती, तिच्याकडे ह्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं. पण खोका बघितला आणि हे खुर्चीतून उठलेच.

"बघू की," म्हणाले, आणि पायात चपला न घालता समोर गेले.

परत आले ते खुशीत. टीव्ही चालू, पण बोलणं चालू माझ्याशी. इतकं बोललेले मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आपल्या साध्या बेलला घरातला करंट सरळ जातोय. ह्या बेलला त्यो सोसत न्हाई, शालन. सरळ जोडली तर जळून जाईल. मधी बारका ट्रान्सफॉर्मर घालायचा, करंट उतरवायचा, मग तिला द्यायचा. लई नाजूक काम हाय."

"आपली ट्यूब न्हाई का नाजूक?" मी विचारलं.

"तिला काय धाड भरलीय. लागतीया की."

म्हणजे समोरची बेल नाजूक आणि आमच्या ट्यूबला धाड भरलेली नाही. माझा जळफळाट झाला होता, आणि त्याला दुसरा गोड शब्द मी आजही शोधणार नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आणायला गेले. तिसऱ्या दिवशी तो बसवायला. मग भिंतीतली जुनी वायर खराब निघाली, मग नवी ओढायची. रोज संध्याकाळी मंजिरीबाई हॉस्पिटलातून आल्या की हे समोर. ज्या माणसानं अख्ख्या बिल्डिंगांचं वायरिंग केलं, त्याला एवढ्याशा बेलला इतके दिवस? मी पोळ्या लाटत कान तिकडे ठेवायची. मधूनच हसण्याचा आवाज यायचा. जास्त करून ह्यांचाच.

आणि मग तो चहा.

ह्यांनी चहा सोडला होता. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच. पित्त होतं म्हणाले. आमचं लग्न झाल्यापासून सकाळचा चहा आम्ही दोघं गॅलरीत बसून प्यायचो, तो बंद पडला. मी एकटीच कप घेऊन बसायची, हे आत पेपर वाचायचे. एका संध्याकाळी मी कचरा ठेवायला बाहेर आले तर समोरचं दार अर्धवट उघडं. हे त्यांच्या सोफ्यावर बसलेले, दोन्ही हातांत एक जाडजूड मग धरलेला, आणि त्यातून चहा पीत होते. डोळे मिटून, मन लावून.

घरी आल्यावर मी विचारलं, "चहा घेतलासा?"

"त्यांनी केलाच हुता. नको कसं म्हणायचं."

"आन् पित्त?"

"त्यांचा चहा फिका असतोय."

माझ्या चहानं पित्त होतं आणि तिचा फिका असतो! त्या दिवशी मी ताटात भाजी वाढली ती आदळलीच. हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "तू जेवून घे, मी मागनं बसतो." हीदेखील अलीकडचीच सवय. मी जेवून आत भांडी घासायला गेले की मग हे टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचे, माझ्याकडे पाठ करून.

मला एवढंच कळायचं होतं, की हा माणूस अजून माझा आहे की नाही. तोंड उघडून विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण त्या उत्तराचीच भीती वाटत होती.

अष्टमीच्या संध्याकाळी मी देवीच्या ओटीचं ताट घेऊन जिना चढत होते. समोरचं दार लोटलेलं होतं. आतून मंजिरीबाईंचा आवाज आला.

"सैल सोडा, सर्जेराव. अजिबात ताकद लावू नका. मी धरलाय ना हात?"

ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. मी तशीच घरात आले, ताट देवापुढे ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. देवीला काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, डिसमिस गायब.

मी नैवेद्याचं ताट पाटाजवळ ठेवलं, पदर खोचला आणि दार उघडून बाहेर आले. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. समोरच्या चौकटीजवळ ती बेल बसवलेली होती. काळी, चकचकीत, वरच्या अंगाला गोल काच, खाली बटण आणि बटणाभोवती निळं कडं पेटलेलं. झालं होतं काम. मी जवळ गेले. बेलच्या बाजूला पांढऱ्या भिंतीवर लाल डाग होते. बोटांचे. मी हात लावून बघितला, नाकाशी नेला.

कुंकू होतं. माझं कुंकू. सकाळी माझ्या घरातल्या पाटावर मी लावलेलं, आणि माझ्या नवऱ्याच्या हातानं ते दुसऱ्या बाईच्या दाराला लागलं होतं.

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. "भवाने," मी त्या दाराला म्हटलं, "माझ्या घरातला देव सुद्धा सोडला न्हाईस व्हय गं?" आणखीही बरंच म्हटलं. नाक शिंकरलं. बेलच्या काचेत बघून कपाळावरची टिकली सरळ केली, कारण भांडायला जायचं तर नीट दिसायला हवं.

"वहिनी," बेल म्हणाली, "दार उघडंच आहे. आत या ना."

मी केवढ्यानं दचकले! बटणाला मी हातही लावला नव्हता. दार उघडलं आणि मंजिरीबाईच समोर आल्या, हातात मोबाइल. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कुठं हायत?" मी विचारलं.

"सर्जेराव? ते झेंडू आणायला गेले. मघाशीच."

"मला फसवू नका. त्यांनी पूजेतनं डिसमिस उचललाय. तुमच्यासाठी. आजवर कधी केलं न्हाई त्यांनी असलं."

"बसा, वहिनी."

"मी बसणार न्हाई. ह्या तुमच्या बेलला समोरचं माणूस दिसतंय, व्हय? बटण न दाबता?"

"हो. कोणी समोर आलं की आपोआप रेकॉर्ड करते."

"म्हंजे मी आत्ता जे बोलले..."

"ते ऐकलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "जाऊ दे ते."

"मग सकाळचं पण आसंल त्यात. आमचं ह्ये आले तेव्हापासनं काय काय झालं ते सगळं मला दाखवा."

त्यांनी मोबाइल छातीशी धरला. "ते नका बघू, वहिनी. मी शब्द दिलाय त्यांना."

बाईनं माझ्या नवऱ्याला शब्द दिलेला! माझा हात नको त्या वेगानं पुढे गेला, आणि मी मोबाइल हिसकावून घेणार एवढ्यात त्यांनीच तो माझ्या हातात दिला. "खरं तर तुम्हाला कळायलाच हवं," त्या म्हणाल्या. "बघा. पण ते येतील तेव्हा त्यांच्यावर ओरडू नका."

पडद्यावर आधी ह्यांचं नुसतं नाक आलं, केवढं तरी मोठं. मग मागे सरकले आणि चेहरा दिसला. घाम आलेला. बेल भिंतीवर बसलेली होती, चालूही झाली होती, फक्त तिच्या खालच्या कडेचा एक बारीक स्क्रू लावायचा राहिला होता. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. ह्यांनी डाव्या हातात स्क्रू धरला, उजव्या हातात तो पिवळ्या मुठीचा डिसमिस, कुंकू लावलेला.

उजवा हात हलत होता.

डिसमिसचं टोक स्क्रूवर येई आणि घसरे. पुन्हा येई, पुन्हा घसरे. स्क्रू पडला. हे वाकले, दिसेनासे झाले, बऱ्याच वेळानं वर आले. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग ह्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि आता दोन्ही हात हलायला लागले. ह्यांनी जिन्याकडे बघितलं, कोणी येतंय का. मग मान वळवून मागे बघितलं. मागे आमचं दार होतं. तिकडे बघतानाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चोरी करणारा माणूस बघतो तसं माझ्या दाराकडे बघितलं ह्यांनी. नंतर पुढे होऊन भिंतीला डोकं टेकलं, आणि पडद्यावर नुसते पांढरे केस राहिले.

मग बाजूनं एक बाईचा हात आला. त्यानं स्क्रू जागेवर धरून ठेवला. ह्यांनी आधी मान हलवली, नको म्हणून. हात तिथेच राहिला. शेवटी ह्यांनी डिसमिस लावला आणि हळूहळू फिरवला. स्क्रू आत गेला.

मी मोबाइल परत दिला.

"पहिल्या दिवशी त्यांनी टेस्टर हातात घेतला तेव्हाच मला दिसलं," मंजिरीबाई म्हणाल्या. "असे हात मी रोज बघते. डॉक्टरांकडे चला म्हणून तेव्हापासून मागे लागलेय. औषधानं, व्यायामानं फरक पडतो. संध्याकाळी थोडा थोडा व्यायाम करून घेत होते. आता दसरा होऊ दे म्हणतात."

"कधीपासनं हाय हे?"

"उन्हाळ्यापासून, म्हणाले. चहाचा कप धरता येत नाही म्हणून चहा सोडला. माझ्याकडे जड मग आहे, अर्धाच भरला की दोन्ही हातांत राहतो. आणि वहिनींना सांगू नका, म्हणाले."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. त्या खोलीत उभी असताना मला पहिल्यांदा वाटला तो हेवाच, आधीपेक्षा दुप्पट. ह्यांचा हात हिनं हातात घेतला म्हणून नव्हे. तो थरथरताना हिनं बघितला म्हणून. इतकी वर्षं ज्या माणसाचं अंथरूण, आजारपण, राग, घोरणं सगळं माझ्या वाट्याला आलं, त्याचं हे दुखणं मात्र समोर राहायला आलेल्या बाईला आधी मिळालं होतं. मला पित्ताचं नाव सांगून चहा सोडला होता आणि तिच्या सोफ्यावर बसून डोळे मिटून पीत होता. तुम्ही मला काहीही म्हणा. तेव्हा वाटलं ते असं होतं.

"येते," मी म्हणाले. दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "मघाशी मी जे बोलले..."

"वहिनी, बेलला काय, बोललेलं पुसताही येतं. पुसते मी."

हे झेंडूची पिशवी घेऊन आले तेव्हा मी पाटासमोर बसले होते. ह्यांनी फुलं वाहिली, आणि वाहता वाहता सदऱ्याच्या बाहीतून डिसमिस काढून झेंडूखाली सरकवला. मी दुसरीकडे बघते आहे असं ह्यांना वाटलं. नैवेद्य दाखवून झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणाले, "तू जेवून घे. मी मागनं बसतो."

"आज बरोबर बसायचं."

"मला भूक न्हाई अजून."

"मला हाय. आन् मी एकटी जेवणार न्हाई."

मी दोन ताटं घेतली, समोरासमोर मांडली, टीव्ही बंद केला. पोळी वाढली, तूप वाढलं. वाटी उचलली तेव्हा हे म्हणाले, "आमटी नको."

"कटाची आमटी नको? तुम्हाला?"

"नको म्हटलं न्हवं."

मी वाटी घेतली, कटाची आमटी काठोकाठ भरली आणि ह्यांच्या ताटात ठेवली. ह्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओळखलं.

"तिनं सांगितलं."

"तिनं काय सांगितलं न्हाई. मी बघितलं. तुमच्या त्या बेलीत."

"सगळं?" ह्यांनी विचारलं.

"भिंतीला डोकं टेकलं तिथवर सगळं."

ह्यांनी उजवा हात मांडीखाली घातला.

"पूजेतलं हत्यार का उचललं?" मी विचारलं. मला विचारायचं दुसरंच होतं, पण तोंडातून हे आलं.

"घरातले सगळे डिसमिस लावून बघितले हुते," हे खाली बघत म्हणाले. "कुठलाच बसंना. सकाळी तू त्याला कुंकू लावलंस. वाटलं, पुजलेलं हाय, आज तरी नीट चालंल."

मी डोळ्यांना पदर लावला नाही. लावला असता तर हे गप्प झाले असते.

"मला का न्हाई सांगितलं? तिला आधी का?"

"तिला मी सांगितलं न्हाई. तिनं वळखलं."

"मला वळखू दिलं का? पाठ करून जेवायला बसायचासा. चहा सोडलासा. तिच्यासमोर हात हलला तर चालतंय, माझ्यासमोर न्हाई?"

"ती परकी हाय, शालन. तिच्यासमोर हलला तर हलला. उद्या बदली झाली की जाईल." हे थांबले. "तू बघितलंस म्हंजे मग खरंच झालं. तवर मला वाटायचं, जाईल आपोआप."

"मग झालं खरं," मी म्हणाले. "बघितलं मी. आता जेवा."

"तू तिकडं बघ जरा."

"न्हाई."

"शालन, बघू नको म्हटलं ना."

"तिनं बघितलेलं चालतंय आन् मी बघितलेलं चालत न्हाई? मी बघणार. रोज बघणार. तिनं जेवढं बघितलंय त्याच्यापेक्षा जास्त बघणार. उचला वाटी."

ह्यांनी मांडीखालचा हात काढला. वाटी उचलली आणि ती लगेच हलायला लागली. आमटी बोटांवरून वाहिली, पोळीवर पडली, सदऱ्यावर पडली. हे मधेच थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी नजर हलवली नाही. मदतीला हातही पुढे केला नाही. तो बाईचा हात मला अजून डोळ्यांसमोर दिसत होता. वाटी ओठांना लागली तेव्हा तळाशी थोडीशीच उरली होती. तेवढी ह्यांनी प्यायली आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"आणखी वाढ," म्हणाले.